उपाशीपोटी यावे

रकाना चौथा: समस्या. दोनशे शब्दांत.
लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते.
मानखुर्दच्या प्रसूतिगृहात रक्ततपासणीच्या खिडकीवर
एक पाटी आहे, निळ्यावर पांढरी:
'गरोदर मातांनी साखरेच्या तपासणीस उपाशीपोटी यावे.'
'यावे'ची मात्रा कधीच उडालीय. हुकूम तेवढा शाबूत.

नियम बदलून वर्षं लोटली.
जेवून या, न जेवता या,
पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज प्या, दोन तास बसा, रक्त द्या.
परिपत्रक आलं. फाइलीला लागलं.
फाइल कपाटात, कपाट मेट्रनच्या खोलीत,
आणि खोली पाटीपासून एकोणीस पावलांवर.
मी मोजलीत.
या एकोणीस पावलांचंही एक शास्त्र आहे.
त्याला पथदर्शी अनुदान मिळतं,
मर्यादा तीन लाख, मुदत बारा महिने.

उपअधीक्षक खारकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"पाटी काढायला तीन लाख?
स्क्रू-ड्रायव्हर मी देतो की!"
दोघंही हसलो.
मग मी विचारलं, काढू?
"तशी नका काढू. वरून लेखी येऊ दे."
लेखी आलेलं आहे, सर.
एकोणीस पावलांवर.

रकाना सहावा: अंमलबजावणीतील अडथळे.
इथं तांडेल मावशींचं नाव यायला हवं.
ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातून सहाला निघतात,
खिशात बिस्किटांचा पुडा, स्वतःच्या पैशाचा.
बाकावरची नाझमीन वाकते, डोळ्यांपुढं अंधारी येते,
मावशी तिच्या मुठीत दोन बिस्किटं कोंबतात,
"खा गो बाय, पोटातल्यानं कोणाचं काय घेतलंय?"
खाल्लं म्हणून खिडकी तिला परत पाठवते: उद्या या.
ती उद्या येत नाही.
नोंदवहीत लाल शाईनं 'तपासणी नाही'.
आणि अर्जात मी मावशींची माया लिहायला जाते,
तर तिचं होतं 'कार्यपद्धतीपासून विचलन'.
खर्चाच्या तक्त्यात बिस्किटंही घालून पाहिली.
अल्पोपहार ग्राह्य नाही.

परवा मावशींना म्हटलं, ती पाटी जाणार आता.
त्या स्टूल घेऊनच आल्या.
थांबा मावशी, आत्ता नाही.
आधीचे तीन महिने मोजायचे, मग नंतरचे तीन,
फरक दाखवावा लागतो.
स्टूल हातात तसंच.
"म्हंजे अजून तीन महिने उपाशी?"
"मोजण्यापुरत्या," मी म्हणाले.
म्हणाले खरी.
तेव्हापासून ते दोन शब्द
घशात ग्लुकोजच्या पाण्यासारखे,
खाली उतरत नाहीत, वर येऊ पाहतात.

नैतिकता समितीच्या नमुन्यात विचारलंय:
सहभागींना धोका?
मी 'किमान'वर खूण केली आहे.
दिवसाला सरासरी नऊ बायका.
हा आकडा मिनोतीला हवाच होता,
त्यावरून नमुन्याची संख्या छान निघते, म्हणाली.

रात्री अकरा छप्पन्नला 'पाठवा' दाबलं.
गोल फिरत राहिलं बराच वेळ.
मग हिरवी खूण, अर्ज क्रमांक, आभार.

सकाळी पाटीच्या जागी कॅलेंडर.
कुठल्याशा पतपेढीचं, तेही गेल्या वर्षीचं,
डिसेंबर उघडा.
"काढली नाय हां मॅडम," मावशी पोछा पिळत म्हणाल्या.
"झाकलीय नुसती."
बाकावर एक बाई डब्यातला उपमा खात होती.
सावकाश, बोटं चाटत.
मला काय बोलायला हवं ते ठाऊक होतं.
नमुना बिघडला, हेही ठाऊक होतं.

पेन काढलं.
नोंदवहीच्या समासात
आजची तारीख टिपून घेतली.